वाकला तो माल रिजेक्ट

केरबा चौगुलेला कुणी धंदा विचारला की तो म्हणायचा, "लोखंडाचं बाळंतपण." ऐकणारा हसायचा. केरबा हसायचा नाही, कारण त्याच्या मते ते खरंच होतं. गडमुडशिंगीतून रोज सकाळी तो शिरोली एमआयडीसीत जायचा, आधी सायकलनं आणि पुढं मोटरसायकलनं, आणि तिथल्या एका फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न करायचा. पंपाचं घर असो की गिअरचं खोकं, लोखंडात जे ओतायचं ते आधी लाकडात हुबेहूब घडवावं लागतं. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. छत्तीस वर्षं त्यानं हे केलं. सागवान आणि शिवण या दोन लाकडांशी त्याचं जेवढं बोलणं झालं तेवढं आपल्याशी झालं नाही, असं त्याची बायको बाळाबाई चारचौघांत सांगायची.

या छत्तीस वर्षांत त्याच्या डोक्यात एकच कायदा पक्का बसला होता. वाकला तो माल रिजेक्ट. घरातसुद्धा हाच कायदा. कुणी प्लास्टिकची खुर्ची आणली तर हा आधी तिचे पाय दाबून बघणार, आणि जरा लवले की "ह्यो काय माल न्हवं" म्हणून परत पाठवणार. क्रांती ही त्याची एकुलती एक पोरगी. तिला बघायला आलेल्या एका पोराचा हात हातात घेतल्यावर फार मऊ लागला, एवढ्यावरून त्यानं ते स्थळ वाटेला लावलं होतं. बाळाबाई त्यावरून अजून भांडते. क्रांती मात्र तेवढ्या एका गोष्टीसाठी बापाचे उपकार मानते.

अशा माणसावर त्रेसष्टाव्या वर्षी वाकणारी वस्तू करायची पाळी आली. तीही समुद्राच्या लाटेवर उभं राहायच्या फळीसाठी. पोरीचे लाड म्हणून नव्हे. त्याच्या मागं एक जुनं दुखणं होतं, आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

क्रांती पोहायला शिकली ती गावच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. बिंडा म्हणजे हलक्या लाकडाचा ओंडका, तो बुडू देत नाही. बांधायला बाप, वरून ढकलायलाही बापच. पुढं शिकून ती रत्नागिरीला गेली. तिथं एका मासळी कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. किनाऱ्यावर काही पोरं-पोरी फळीवर उभं राहून लाटेवरून येताना तिनं बघितली आणि सहा महिन्यांत तीही त्यांच्यात जाऊन मिसळली. गोव्याहून एक जुना बोर्ड विकत आणला. त्या जातीला 'फिश' म्हणतात. आखूड, रुंद, आणि शेपटीला माशासारखी खोल खाच. बारक्या लाटेतही तो पळतो, त्यामुळं आपल्याकडच्या समुद्राला बरोबर बसतो. पोटाखाली, शेपटीच्या दोन टोकांना, दोन पर लावलेले असतात. त्यांना फिन म्हणायचं.

तिनं फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा केरबानं तो दोनदा बघितला. "फळकुटावर हुबं ऱ्हायाचं. बरं. मग फुडं काय?"

"फुडं काय न्हाय, अप्पा. परत आत जायाचं आन परत यायाचं."

"आन ह्येच्यापायी तू रविवारची घरला येईनास?"

"व्हय की."

दोघं हसले होते. त्या काळात ती दोघं बरीच हसायची.

मग दोन वर्षांमागचा तो फेब्रुवारी आला. केरबा मोटरसायकल घेऊन पोरीला आणायला रत्नागिरीला गेला. ती म्हणत होती, मी एसटीनं येते. हा म्हणाला, एसटीला पैसे आणि वेळ दोन्ही जातात, बस मागं. आंबा घाट चढून झाला. मलकापूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं, कडेला खडी पसरली होती आणि पुढं उसाची ट्रॉली रांगत होती. ट्रॉलीमागं धूळ खात जाणं केरबाच्या रक्तातच नव्हतं. त्यानं गाडी बाहेर काढली. मागून क्रांती म्हणाली, "अप्पा, हळू." त्यानं मूठ आणखी पिळली. ती पुन्हा म्हणाली, "अप्पा, हळू की." पुढच्याच वळणाला चाक खडीत गेलं. केरबाचं कोपर खरचटलं. क्रांतीचा उजवा गुडघा गाडीखाली आला आणि हाडं बांधून ठेवणारा आतला दोरखंड तुटला.

ऑपरेशन झालं. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "खडीनं घात केला बघा." केरबा मान हलवायचा. एकदा दवाखान्यात खोलीत दोघंच होती तेव्हा तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "गाडीवर वाऱ्यात मागचं काय म्हणून ऐकायला येत न्हाय." क्रांती छताकडं बघत म्हणाली, "व्हय." आणि तो विषय मिटला.

मिटला म्हणजे केरबाच्या पोटात जाऊन बसला. कारण त्याला ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. पोरीनं आरडाओरडा केला असता तर यानंही दोन शब्द चढवून बोलले असते, भांडण झालं असतं, रडारड झाली असती आणि कोल्हापुरी रीतीनं संध्याकाळी सगळी एका ताटाला बसली असती. पण तिनं आईलासुद्धा त्या 'हळू'बद्दल सांगितलं नाही. ती बरी होऊन घरी आल्यावर केरबानं मोटरसायकल शेजाऱ्याला देऊन टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचा, डोळे अधू झाले.

क्रांती चालायला लागली, जिने चढायला लागली. डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिली. गेल्या दिवाळीला ती घरी आली ती पिशवीत एक फिन घेऊन. तळहातापेक्षा जरा मोठं, काचेच्या कापडाचं, वरच्या टोकाला मागं झुकलेलं. तिनं ते बापाच्या मांडीवर ठेवलं.

केरबानं सवयीनं अंगठ्यानं दाबून बघितलं. "कुणाचा तर चांगला माल हाय ह्यो. तसूभर वाकत न्हाय."

"त्येच तर दुखणं हाय, अप्पा." क्रांती खाली बसली. कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दलही 'जातो-येतो'च बोलतात, तशीच ती बोलायची. "मी बोर्ड वळवला की ह्ये पाणी धरून बसतंय. सोडत न्हाय. त्यो झटका गुडघ्यात येतोय. डॉक्टर म्हणाले, असं झटकं बसत ऱ्हायलं तर बंदच करावं लागंल."

"मग रबरी लाव की."

"लावून बघितलं एकीचं मागून. बोर्ड घसरून जातोय. बुडाला ताठ पायजे आन टोकाला लवायला पायजे, आन लवून परत सरळ व्हायला पायजे. माझ्या जुन्या बोर्डाच्या खाचंत बसंल असलं कुठं मिळंना. मे म्हैन्यापत्तर बघतो. न्हाय जमलं तर बोर्ड विकून टाकतो." आणि मग जरा थांबून, "तुमाला येईल का करायला?"

केरबा म्हणाला, "बघतो." एवढंच म्हणाला. दोन वर्षांत पोरीनं त्याच्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं. जे आपण मोडलं ते जोडता येत नाही, हे त्याला कळत होतं. पण तिला पुन्हा त्या फळीवर उभी बघता आली तर आपल्याला रात्रीची झोप तरी लागेल, असं त्याला फार वाटलं.

शिरोलीत धैर्यशीलची फायबरची शेड होती. पोरगा डिप्लोमा झालेला, पण काम शिकला होता केरबाच्या हाताखाली, त्यामुळं जागा, रेझिन आणि काचेचं कापड मागायची अडचण नव्हती. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येक थराला रेझिन पाजायचं, वाळून दगड झालं की पत्रा तयार. त्यातून आकार कापायचा आणि मग घासायचा. बाहेरची बाजू फुगीर, आतली सपाट, कडा सुरीसारखी. एक डावं, एक उजवं. बुडाचं माप आणि थर किती ते क्रांतीनं फोनवर सांगितलं होतं. घासताना एकेक थर उघडा पडतो आणि लाकडाच्या वलयांसारख्या रेघा दिसायला लागतात. त्या रेघा दिसल्यावर केरबाला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. बाळाबाईला मात्र काचेच्या भुशानं पछाडलं. त्याचे कपडे तिच्या पातळाबरोबर धुतले गेले आणि ती दोन दिवस अंग खाजवत, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरभर फिरली.

जानेवारीत पहिला जोड घेऊन केरबा एसटीनं रत्नागिरीला गेला. वाळूत बोर्ड उलटा ठेवून क्रांतीनं फिन खाचेत बसवायला घेतलं. बसेना. उलटं करून बघितलं, दाबलं, तळहातानं ठोकलं. बसेना.

"अप्पा, मी सांगितलेलं माप कशानं आखलंसा?"

"पट्टीनं. दुसरं कशानं?"

"कुठल्या पट्टीनं?"

आणि केरबाचा चेहरा पडला. पॅटर्नमेकरची पट्टी जगाच्या पट्टीपेक्षा वेगळी असते. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी गणित नको म्हणून पट्टीच मोठी केलेली असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं ते खरं एकशे एक असतं. केरबाच्या घरात दुसरी पट्टीच नव्हती. दाराची फळी, देव्हारा, कपाट, सगळं त्याच पट्टीचं. लहानपणी क्रांतीची उंचीही तो तिनंच मोजायचा, म्हणून शाळेच्या कागदापेक्षा घरच्या भिंतीवर ती कायम दीड सेंटीमीटर बुटकी भरायची. आता काचेचं कापड काही आकसत नाही. फिनचं बूड मिलिमीटरभर मोठं झालं होतं.

क्रांती वाळूत बसून पोट धरून हसली. केरबानं पिशवीतून कानस काढली आणि तिथंच मांडी घालून बूड घासायला घेतलं. पोरगी हसते आहे, या आनंदात त्याला आपल्या फजितीचं काही वाटलं नाही.

पण हसणं तेवढ्यावरच राहिलं. फिन बसलं, क्रांती पाण्यात गेली, दुसऱ्या लाटेवर तिनं बोर्ड वळवला आणि गुडघा धरून खाली गेली. बाहेर आली ती लंगडत. फिन हातात घेऊन तिनं कडेनं थर मोजले.

"मी सांगितल्यापरास चार थर जास्ती हायत हितं."

केरबा दुसरीकडं बघत म्हणाला, "मोडलं-बिडलं म्हंजे?"

गुडघा सुजला. तीन आठवडे तिला पाण्यात जाता आलं नाही. केरबा परतीच्या एसटीत खिडकीशी बसून आला आणि मलकापूर आलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. पुन्हा आपल्याच हातून पोरीचा गुडघा दुखावला, आणि तोही तिचं न ऐकल्यामुळं. हे त्याला इतकं लागलं की घरी आल्यावर दोन दिवस तो धड जेवला नाही.

दुसऱ्या जोडात तो दुसऱ्या टोकाला गेला. थर इतके कमी केले की बूडसुद्धा लवायला लागलं. कुरिअरनं पाठवलं. क्रांतीचा फोन आला. "अप्पा, ह्ये फिन हाय का भाकरी? बोर्ड सरळ जाईनाच. मागनं कुणी ढकलल्यावानी घसरतोय."

जाड केलं की धरून बसतंय, बारीक केलं की घसरतंय. मधला मार्ग म्हणून केरबानं आणखी तीन पत्रे टाकून बघितले. फिन शिकंज्यात धरायचं, टोकाला ताणकाट्यानं ओढायचं, किती लवलं ते वहीत लिहायचं. प्रत्येक पत्र्याचं तेच. टोक लवेपर्यंत बूडही लवायचं. एप्रिल उजाडला. क्रांतीनं फोनवर सहज सांगितलं की एका गिऱ्हाईकानं बोर्डाची किंमत विचारली आहे. केरबानं फोन ठेवला आणि ओसरीवर बसून वहीतले आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीवरच काचेचं कापड पसरून कापत होता. पलीकडं बाळाबाई मशीनवर शेजारणीचा ब्लाऊज शिवत होती. भुशाची भीती असल्यानं ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती, पण बायकांना पाठीनंही दिसतं. मशीन थांबवून ती म्हणाली, "अवो, ह्ये कापड समदं सरळच लावतासा व्हय?"

"मग काय वाकडं लावू?"

"उरेबात लावा की."

"काय?"

"उरेबात. तिरपं." तिनं ब्लाऊजची चिंधी उचलली, उभी धरून ओढली. "बघा, ताणती का? न्हाय." मग तीच चिंधी कोपऱ्यात धरून ओढली. चिंधी लांबली, आणि सोडल्यावर जागेवर आली. "गळ्याला पट्टी म्हणून तर उरेबात लावत्यात. सरळ लावली तर गळा बसतच न्हाय. छत्तीस वरसं एमआयडीसीत काढलीसा आन येवढं ठावं न्हाय?"

केरबा उठला. काचेचं कापड कोपऱ्याला कोपरा धरून ओढलं. ते लवलं. पुन्हा सरळ धरून ओढलं. ताठ. त्यानं बायकोकडं असं बघितलं की ती लाजली आणि मग त्याची तिला चीड आली. "आता टकामका काय बघतासा? जावा की कामाला."

तो तसाच, पायात दोन वेगळ्या चपला घालून, रिक्षानं शिरोलीला गेला. बुडाकडं सगळे थर सरळ ठेवायचे, वरच्या निम्म्यात उरेबात, असं त्यानं धैर्यशीलला खडूनं काढून दाखवलं. धैर्यशील म्हणाला, "व्हय काका, आमच्या पुस्तकात हाय की ह्ये. तिरप्या थराला लवण जास्ती."

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"तुमी इचारलं न्हाईसा."

त्याला दोन शिव्या घालून केरबानं काम सुरू केलं. पण शेवटचा थर लागला आणि त्याचा हात सवयीनं आणखी कापडाकडं गेला. चारच थर. कुणाला कळणारसुद्धा नाही. डोळ्यांसमोर मलकापूरची खडी होती. हे मोडलं, आणि पोरगी पुन्हा पडली, तर दोनदा तिला आपणच पाडलं असं होईल, आणि मग तोंड दाखवायला जागा नाही. तो कापड हातात घेऊन उभा राहिला आणि त्यानं सरळ क्रांतीला फोन लावला.

"चार थर वाढवू का? भ्या वाटतंय मला."

पलीकडं तिनं प्रयोगशाळेतलं मशीन बंद केलं. मग ती म्हणाली, "नगा वाढवू. मोडलं तर मी पाण्यात पडतो, अप्पा. रस्त्यावर न्हाय."

दोन वर्षांत 'रस्ता' हा शब्द त्या दोघांत पहिल्यांदा आला. केरबानं "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि कापडाचे ते चार तुकडे शेडच्या कोपऱ्यात फेकून दिले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो आणि बाळाबाई दोघंही रत्नागिरीला गेली. पाऊस अजून लांब होता, पण समुद्राला त्याची चाहूल लागली होती आणि लाटा चढल्या होत्या. बाळाबाईनं छत्रीखाली भाकरी, खर्डा आणि दह्याचा डबा मांडून ठेवला. क्रांतीनं फिन खाचेत बसवलं, ते बरोबर बसलं, आणि ती आत गेली.

पहिल्या लाटेवर ती उभी राहिली. केरबाचे डोळे तिच्या उजव्या गुडघ्यावर खिळले होते. तिनं वजन टाकलं, बोर्ड कलला आणि वळला. थांबला नाही, अडला नाही, सुटून पुढं निघाला. ती परत वळली. परत सुटली. शेवटी उथळ पाण्यात उडी टाकून तिनं दोन्ही हात वर केले. "अप्पा! सोडतंय!" असं ती ओरडत होती. बाळाबाईनं विचारलं, "काय सोडतंय?" "पाणी," केरबा म्हणाला.

चार लाटा तिनं अशा घेतल्या. पाचवी मोठी होती. तिच्या उतारावर ती वेगानं आली आणि सगळं अंग टाकून वळली. बोर्डाची शेपटी एकदम बाजूला फेकली गेली, क्रांती आडवी झाली आणि पाण्याखाली दिसेनाशी झाली. बोर्ड एकटाच उसळून वर आला.

केरबा धावला. पँट, घड्याळ, खिशातला फोन, सगळ्यासकट. विहिरीत मुटका मारणारा गडी, पण समुद्र काही विहिरीसारखा गप उभा राहत नाही. पहिल्याच लाटेनं त्याला मागं ढकललं, दुसरीनं तोंडात पाणी घातलं. तो छातीइतक्या पाण्यात पोचला तेव्हा पोरगी त्याच्यासमोर उभी होती. केस तोंडावर, बोर्ड काखेत, आणि चक्क हसत.

"तुटलं, अप्पा!"

"गुडघा? गुडघा बघू!"

"गुडघ्याला काय झालं न्हाय. झटका बसायच्या आधीच फिन गेलं." तिनं बोर्ड उलटा करून दाखवला. डावं फिन सरळ थर संपून उरेब सुरू होत होता तिथंच मोडलं होतं. "ह्ये जर आज धरून बसलं असतं न्हवं, तर गुडघा गेलता माझा."

केरबानं त्या तुटक्या बुडावर हात ठेवला. त्याच्या हातचा माल मोडला होता, आणि त्या माणसाला आनंद झाला होता. पोरगी धड होती. दोन्ही पायांवर उभी होती. आणि त्या आनंदातच, दोन वर्षं जे तोंडून निघालं नव्हतं ते निघालं.

"क्रांते, त्या दिशी तू हळू म्हणालतीस."

क्रांतीचं हसू थांबलं. पाणी दोघांच्या मधून येत-जात होतं. तिनं बापाकडं नीट बघितलं. 'जाऊ द्या' म्हणाली नाही. खडीचं नाव काढलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "दोनदा म्हणालतो."

"दोन्ही डाव ऐकू आलतं मला."

"ठावं हाय मला, अप्पा," क्रांती म्हणाली, आणि मागून मोठी लाट येत होती म्हणून तिनं त्याचा दंड घट्ट धरला.